सासूबाईंचे कागद : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आजपासून नोंदी ठेवते. काम असं आहे: सासूबाईंच्या मागे राहिलेले कागद, फोटो, स्लाइडी आणि कॅसेटींची यादी करायची, टिकवण्यासारखं ते स्कॅन करायचं, आणि त्यातून एक छोटी पुस्तिका आणि एक नीट लावलेला संग्रह उभा करायचा. पुस्तिका घरच्यांना आणि चर्चला. संग्रह जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे जाईल. त्यांनी तोंडी हो म्हटलंय, लेखी यायचं आहे.

मी ग्रंथालयात कॅटलॉगिंग करते, म्हणून काम माझ्याकडे आलं. शिवाय घरात एक सून सातासमुद्रापलीकडची असली की असली कामं तिच्या वाट्याला येतात. जुना फोटो पाहून तिला रडू फुटणार नाही, असा सगळ्यांचा समज असतो.

ठळक माहिती आधी लिहून ठेवते. जन्म १९३०, मिनेसोटा राज्याच्या आग्नेय भागातल्या एका शेतावर. आजी-आजोबा स्वीडनहून आलेले. घराणं लुथरन (मार्टिन ल्यूथरला मानणारा प्रोटेस्टंट पंथ), त्यातही ऑगस्टाना सिनॉडचं, म्हणजे स्वीडिश स्थलांतरितांनी १८६० मध्ये उभ्या केलेल्या चर्चचं. सेंट पीटर गावातल्या गस्टेव्हस अडॉल्फस कॉलेजातून १९५२ मध्ये पदवी, मग शिक्षिका, मग हायस्कूलमध्ये समुपदेशक. निवृत्ती १९९२. त्यानंतरही कितीतरी वर्षं कोणी ना कोणी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलेलं असायचं. जानेवारीच्या अखेरीस गेल्या, ९४ व्या वर्षी.

अंत्यविधी झाला, दफन मे महिन्यात. जमीन खोलवर गोठली आहे आणि इथल्या छोट्या दफनभूमीत हिवाळ्यात खणत नाहीत. माहेरी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे तोवर त्यांना ठेवलंय कुठे?" तिला ते पटवायला बराच वेळ गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

अकरा खोकी. त्यातली चार नुसत्या शुभेच्छापत्रांची. ती वर्षवार लावून प्रत्येक वर्षातली दोन-तीन ठेवीन, बाकीची नातवंडांना.

खरी डोकेदुखी सत्तरच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमांची. पानावरचा डिंक आता फोटो सोडत नाही. दात कोरायचा दोरा फोटोच्या मागून दोन्ही हातांनी तिरका ओढत नेला की बहुतेक फोटो सुटतात. नाही सुटला तर अख्खं पान तसंच स्कॅन करायचं, जोर लावायचा नाही. स्लाइडींचं काम त्या मानाने सोपं, कारण पुठ्ठ्याच्या चौकटीवर धुलाईचा महिना आणि वर्ष बरेचदा छापलेलं असतं. पत्रांच्या क्लिपा गंजल्यात, रबरबँड वितळून कागदाला बसलेत. दोन्ही काढून टाकते आहे. दिरांनी लॅमिनेशन सुचवलं. नाही म्हटलं.

ठरवलेलं माप: फोटो ६०० डीपीआय, पत्रं ४००, मूळ प्रत टिफमध्ये, पाहण्यासाठी वेगळी जेपेग.

एका खोक्यात पुठ्ठ्याची पैशाची पेटी निघाली, रविवारच्या शाळेतली, मिशनसाठी नाणी टाकायची. ती पाहून त्यांची माझी पहिली भेट आठवली. हिंदुस्थानातून आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं होतं, "तुझं गाव राजमहेंद्रीपासून किती लांब?" मला वाटलं, या बाईंना राजमहेंद्री कुठून ठाऊक? पण ऑगस्टानाचे मिशनरी १८७८ पासून तिथे जात होते आणि त्यांच्या लहानपणी गोदावरीच्या तीरावरचं हे एकच गाव त्यांच्या नकाशात होतं. मी यवतमाळची. त्यांना नकाशा काढून दाखवला. त्यांनी तो घडी घालून बायबलमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. तोही यादीत घेतला.

२ मार्च, रविवार

चर्चमधल्या फोटोंच्या मागे तारीख नाही, पण एक युक्ती सापडली. बाकांच्या पाठीवरच्या कप्प्यात गीतपुस्तकं असतात, त्यांचा रंग बघायचा. लाल असेल तर १९५८ नंतरचा फोटो. हिरवं असेल तर १९७८ नंतरचा. गडद क्रॅनबेरी लाल असेल तर २००६ नंतरचा. दोन लालांत घोटाळा होत नाही, मधल्या पन्नास वर्षांत माणसांचे चष्मे पुरते बदललेत. या एका युक्तीने दोनशेच्या आसपास फोटो तीन गठ्ठ्यांत पडले.

रंगांमागे चर्चसंस्थांचे बदल आहेत. ऑगस्टाना १९६२ मध्ये इतर काही संस्थांबरोबर एका मोठ्या लुथरन चर्चमध्ये विलीन झालं, आणि १९८८ मध्ये ते चर्चही आणखी मोठ्या, आजच्या संस्थेत मिसळलं. सासूबाई तिन्ही संस्थांच्या सभासद होत्या. बाक मात्र एकच, डावीकडून चौथा.

त्यांची प्रश्नोत्तरी मिळाली. ल्यूथरने १५२९ मध्ये घरच्या माणसांसाठी, मुलांसाठी लिहिलेली ती लहानशी पुस्तिका. प्रत्येक आज्ञेखाली "याचा अर्थ काय?" असा प्रश्न आणि दोन-तीन ओळींचं उत्तर. पोरांनी ते पाठ करायचं आणि कन्फर्मेशनच्या, म्हणजे श्रद्धा जाहीर कबूल करायच्या विधीच्या वेळी पाळकासमोर म्हणून दाखवायचं. सासूबाईंनी १९४५ मध्ये म्हटलं. पूर्ण पुस्तिकेत पेन्सिलची एकच रेघ आहे, आठव्या आज्ञेशी: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. (आपल्याकडच्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत हीच नववी मोजतात; लुथरन लोकांची मोजणी वेगळी.) ल्यूथरने दिलेला अर्थ नुसत्या खोट्या साक्षीवर थांबत नाही. शेजाऱ्याला दगा देऊ नये, त्याची बदनामी करू नये, त्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगलं बोलावं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असं तो म्हणतो.

रेघ चौदा वर्षांच्या मुलीने मारली की पन्नाशीतल्या बाईने, हे पेन्सिलवरून कळत नाही. स्कॅनच्या वर्णनात "तारीख अनिश्चित" लिहिलं.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस त्यांच्या शिक्षणाच्या कागदांवर गेला. हा भाग मला स्वतःला फार आवडला, पुस्तिकेत त्याला जागा द्यायचीच.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षण-शिक्षणाचा कायदा झाला. त्यातलं एक कलम शाळांतल्या मार्गदर्शनावर होतं. हुशार पोरं हेरायची, त्यांना गणित-विज्ञानाकडे वळवायचं, आणि त्यासाठी शाळाशाळांत समुपदेशक हवेत, तर शिक्षकांना सरकारी खर्चाने प्रशिक्षण द्यायचं. त्या पैशावर उन्हाळी वर्ग निघाले. सासूबाई १९६१ च्या उन्हाळ्यात तशा एका वर्गाला गेल्या, तीन लहान मुलं आपल्या आईकडे सोडून. रशियाला हरवायला सरकारने तयार केलेल्या समुपदेशकांपैकी एक आमच्या सासूबाई! हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा नणंद पहिल्यांदा हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

वर्गाच्या वह्या पूर्ण आहेत. त्यातून एक मजेशीर भांडण दिसतं. मिनेसोटा विद्यापीठात ई. जी. विल्यमसन यांचा दबदबा होता. त्यांची पद्धत अशी की चाचण्या घ्या, मुलाचा कल आणि कुवत मोजा, आणि जाणत्या माणसाने सल्ला द्यावा. उलट मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स म्हणत, सल्ला देऊ नका, ऐका. माणूस आपली वाट आपण काढतो, त्याला तेवढी मोकळीक द्या. गंमत म्हणजे रॉजर्स यांनी ही मांडणी पहिल्यांदा जाहीरपणे केली ती ११ डिसेंबर १९४० ला, याच मिनेसोटा विद्यापीठात, म्हणजे विल्यमसन यांच्या अंगणात जाऊन.

सासूबाईंच्या वहीत डाव्या पानावर चाचण्यांचे तक्ते आणि उजव्या पानावर रॉजर्स. शेवटी त्या कोणाच्या झाल्या? माझं मत: दोघांच्याही नाहीत. त्या ऐकत खूप वेळ, पण ऐकून झाल्यावर काय करावं ते सरळ सांगतही. मलाही सांगितलं होतं, माझी पहिली नोकरी गेली तेव्हा. "आज झोप. उद्या सकाळी अर्जाचा पहिला परिच्छेद मला वाचून दाखव." रॉजर्सना ते आवडलं नसतं.

२९ मार्च, शनिवार

कामाची अडचण आज समोर आली.

त्यांनी तीस वर्षं हायस्कूलच्या मुलामुलींचं ऐकलं आणि पुढे आणखी कितीतरी मोठ्या माणसांचं. त्याचा एकही कागद अकरा खोक्यांत नाही. लेफ्सेची (बटाट्याच्या पातळ पोळीची) कृती तीन प्रतींत आहे, चर्चच्या बायकांनी दर वर्षी किती गोधड्या केल्या याचा हिशेब आहे, १९६८ सालच्या छपराच्या दुरुस्तीची पावती आहे. ज्या कामासाठी गावभर त्यांचं नाव घेतात, त्या कामाच्या जागी नुसता खड्डा.

नवऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "आई जूनमध्ये जाळायची की." शाळा सुटली की पहिल्या शनिवारी शेतावरच्या पिंपात वर्षभराचे कागद. मुलांना जवळ यायची बंदी. राख काठीने ढवळून मगच त्या घरात जायच्या. तिन्ही भावंडांना हे लख्ख आठवतं, आणि तिघांनाही त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आजवर वाटलं नव्हतं.

त्यातून दोनच गोष्टी सुटल्या.

एक, शाळेच्या मंडळाला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत, १९७१ ची. एका मुलीला शाळेतून काढू नये, तिला तिच्या वर्गाबरोबर पदवीचा कागद मिळावा, अशी विनंती. मुलगी गरोदर असणार. त्या काळी अशा मुलींना सर्रास घरी बसवत. त्याला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्याचे नियम १९७५ मध्ये आले. पत्रातलं मुलीचं नाव पात्याने चौकोनी कापून काढलंय, तीन ठिकाणी. कागद जपला, नाव जपलं नाही. किंवा जपलं, असं म्हणायला हवं.

दुसरी, खिशात मावतील अशा डायऱ्या, १९६२ ते २०१४, दर वर्षी एक. रोजच्या पानावर फक्त वेळ आणि वेळेपुढे बारीक क्रूस. "३.१५ +", "७.०० +". बस. पण प्रत्येक डायरीच्या शेवटच्या पानांवर पहिल्या नावांची यादी आहे. वर लिहिलंय: प्रार्थनेसाठी.

६ एप्रिल, रविवार

नणंदेचा फोन. डायऱ्यांविषयी मी तिला आधीच कळवलं होतं.

ती म्हणाली, "जाळ."

मी म्हटलं, ही प्रार्थनेची यादी आहे, रुग्णांची नव्हे. त्यात आजारी मावश्या असतील, लढाईवर गेलेली पोरं असतील.

"असतील. आणि ३.१५ वाल्याही असतील. तुला वेगळ्या काढता येतील?"

येणार नाहीत. उलट जे करता येईल तेच भीतिदायक आहे आणि ते माझ्याच पेशातलं आहे. दोन हजार वस्तीच्या गावात एक पहिलं नाव आणि एक साल मिळालं की शाळेचं त्या वर्षीचं वार्षिक काढायचं. तासाभरात आडनाव हाती येतं. स्कॅन करून शोधता येईल असा मजकूर केला की तासही लागणार नाही. तेव्हा स्कॅनिंग नाही, हे आजच ठरलं. ठेवायच्या की नाही, हा प्रश्न शिल्लक.

नणंद परिचारिका आहे. रुग्णाचं रुग्णापाशी, हे तिच्या हाडीमाशी आहे. मी कॅटलॉगर, काही नष्ट करायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोघींनाही सासूबाईंचा दाखला देता येतो. ही खरी पंचाईत.

२६ एप्रिल, शनिवार

चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रण. शनिवारी तिथे गोधड्या बांधायचं काम असतं, म्हणून तोच दिवस धरला. या गोधड्या लुथरन वर्ल्ड रिलीफ या १९४५ मध्ये निघालेल्या मदतसंस्थेला जातात, तिथून निर्वासितांच्या छावण्यांत. साधारण साठ इंच बाय ऐंशी. आपल्यासारखे धावदोऱ्याचे टाके नाहीत. थर एकत्र धरून ठिकठिकाणी गाठी मारतात. मलाही सुई दिली. माझ्या गाठी सुटतात असं दोनदा ऐकून घेतलं.

मुद्रणाचे नियम मी आधी छापून नेले होते: प्रत्येकीची लेखी परवानगी, नको वाटेल तिथे यंत्र बंद, आणि सासूबाईंकडे सल्ल्यासाठी कोण आलं होतं हे विचारायचं नाही. शेवटचा नियम वाचून एक बाई म्हणाल्या, "मग विचारणार काय?" बरोबर होतं त्यांचं.

तरी चार तास निघाले. अंड्याची कॉफी कशी करायची यावर त्यातली वीस मिनिटं (कॉफीच्या पुडीत अख्खं अंडं कालवतात, गाळ खाली बसतो आणि कॉफी सोनेरी उतरते). सासूबाई चर्चच्या गायनात सूर सोडून गात, यावर एकमत. कोणी दुसऱ्याविषयी वाकडं बोलायला लागलं की त्या विषय बदलत नसत, तर त्या गैरहजर माणसाची बाजू मांडायला लागत, इतक्या चिवटपणे की बोलणाराच कंटाळून गप्प बसे. "कुचाळकीची मजाच घालवायच्या," एक बाई म्हणाल्या. पेन्सिलची रेघ मी त्यांना दाखवली नव्हती.

पाळकबाई पन्नाशीच्या आहेत. त्यांनी वेगळाच धागा दिला. ल्यूथरच्या १५३७ च्या श्माल्काल्डच्या कलमांत, म्हणजे त्याने लिहिलेल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, देवाची कृपा माणसापर्यंत कशाकशातून पोचते याची यादी आहे: प्रवचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापमुक्तीचा अधिकार. आणि त्यात तो एक जास्तीची गोष्ट घालतो, बंधूंनी आपसात केलेलं बोलणं आणि एकमेकांना दिलेलं सांत्वन. पाळकबाईंच्या मते सासूबाईंचं स्वयंपाकघराचं टेबल त्या कलमात बसतं.

दिरांचं म्हणणं आहे, आई आज तरुण असती तर पाळक झाली असती, पुस्तिकेत तसं लिही. त्या पदवीधर झाल्या तेव्हा बाईला ती वाट बंदच होती. अमेरिकेतल्या दोन मोठ्या लुथरन संस्थांनी ती १९७० मध्ये उघडली. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला मेरीलँडमध्ये एलिझाबेथ प्लॅट्झ आणि २२ डिसेंबरला इथे मिनियापोलिसकडे बार्बरा अँड्र्यूज यांचा दीक्षाविधी झाला. अँड्र्यूज चाकाच्या खुर्चीतून सेवा करत. त्यांच्याविषयीचं कात्रण सासूबाईंच्या खोक्यात आहे, म्हणून दिरांचा तर्क. मला तो तितकासा पटत नाही. कात्रण ठेवणं म्हणजे हळहळ नव्हे. सूर सोडून गाणाऱ्या आणि लोकांपुढे उभं राहायला नाखूश असणाऱ्या बाईला व्यासपीठ हवंच होतं, हे आपण आपल्या सोयीने ठरवतो. कात्रणाचा फोटो घेईन, "असती तर" लिहिणार नाही.

१० मे, शनिवार

दफन झालं. सगळी आली होती. काम काही नाही.

१८ मे, रविवार

आठव्या खोक्यात तळाला टाइप केलेलं एक पान, चक्रमुद्रित, वर साल १९८५. शीर्षक साधं: बँकेची नोटीस आलेल्या घरी जाताना.

पार्श्वभूमी लिहून ठेवते, कारण पुस्तिका वाचणाऱ्या नातवंडांना ती माहीत नाही. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागत होत्या. मग व्याज भडकलं. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ दर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी रशियाला धान्य विकायला बंदी. जमिनीचे भाव कोसळले. शेजारच्या आयोवात एकराचा सरासरी भाव १९८१ मध्ये २,१४७ डॉलर होता, १९८६ मध्ये ७८७. तारण म्हणून ठेवलेली जमीन कर्जापेक्षा स्वस्त झाली आणि लिलाव सुरू झाले. १९८३ मध्ये मिनेसोटातल्याच रुथटनजवळ, शेत गमावलेला एक शेतकरी आणि त्याचा मुलगा यांच्या हल्ल्यात दोन बँकवाले मारले गेले आणि पुढे त्या शेतकऱ्याने स्वतःलाही संपवलं. गावोगावचे पाळक घाबरले. घरी जायचं, पण बोलायचं काय?

त्यांच्यासाठी सासूबाईंनी हे पान केलं. पूर्ण पान पुस्तिकेत घेते आहे, इथे सार. भांडं भरून जेवण न्या, पण दारात देऊन पळू नका, आत बसा. हिशेबाच्या चुका काढू नका, त्याने त्या रात्रभर काढल्या आहेत. बायकोशी वेगळं बोला. "मरावंसं वाटतं का?" हे स्पष्ट शब्दांत विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, असलेलं बाहेर येतं. हो म्हणाला तर बंदूक कुठे आहे ते विचारा आणि त्याच्या संमतीने काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवा. एकटं सोडून निघू नका. पुढच्या भेटीचा दिवस आणि वेळ ठरवूनच उठा. लिलावानंतर जा, कारण तेव्हा जाणं सगळे थांबवतात.

हे पान मला घरातल्या कोणापेक्षा जास्त लागलं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, पॅकेज जाहीर झालं, ती बातमी इथल्या रेडिओवर लागली होती. सासूबाईंनी मला विचारलं, "बँक की सावकार?" मी म्हटलं, दोन्ही. मग फवारणीचं औषध घरात कुठे ठेवतात ते विचारलं. मला तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला होता. मग विचारलं, मागे राहिलेल्या बायकांकडे नंतर कोण जातं? मी काही तरी मोघम बोलले होते.

पान मराठीत करून यवतमाळला शेतकरी कुटुंबांत काम करणाऱ्या एका मैत्रिणीला पाठवलं. बंदुकीच्या जागी कीटकनाशकाचा डबा घातला, बाकी तसंच. तिने उलट दोन दुरुस्त्या सुचवल्या: आपल्याकडे बायकोशी वेगळं बोलायला बाईच गेली पाहिजे, आणि सासू-सासऱ्यांना धरून बोलल्याशिवाय त्या घरात पुढचं काही होत नाही. दोन्ही घातल्या. हे प्रकल्पात मोडत नाही, पण नोंद असू दे.

१४ जून, शनिवार

इतिहास मंडळाच्या अभिलेखपालांशी डायऱ्यांबद्दल सविस्तर बोलले. कायद्याची चौकट त्यांनी सांगितली ती अशी. शाळेच्या नोंदींचा १९७४ चा केंद्राचा कायदा आहे, पण समुपदेशकाने फक्त स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेलं आणि कोणालाही न दाखवलेलं टिपण त्याखाली शाळेची नोंद ठरत नाही. दवाखान्यांच्या कागदांसाठीचा गोपनीयतेचा नियम रुग्णाच्या मृत्यूनंतरही पन्नास वर्षं लागू राहतो; तो इथे थेट लागत नाही, पण मोजमाप म्हणून बरा. थोडक्यात, कायदा आम्हाला ठेवा म्हणत नाही की टाका म्हणत नाही. मंडळ मोहोरबंद पाकीट घेईल, पंचाहत्तर वर्षं कोणी उघडणार नाही, तसा करार करता येतो.

मला हा मार्ग योग्य वाटतो. २१०० साल उजाडेपर्यंत त्या नावांतलं बहुधा कोणी नसेल. एका शाळेत, एका गावात, त्रेपन्न वर्षं कोणाकोणासाठी प्रार्थना झाली, हे तेव्हाच्या अभ्यासकाला कळायला काय हरकत?

नणंदेला लिहिलं. उत्तर आलं: "त्यांची नातवंडं असतील ना."

५ जुलै, शनिवार

तिघं भावंडं आणि मी, सासूबाईंच्याच टेबलाशी. दिरांना डायऱ्या ठेवायच्या होत्या, नवऱ्याला काहीच ठरवायचं नव्हतं, नणंद ठाम. बोलणं दुपारभर चाललं, मध्ये एकदा आवाजही चढले.

शेवटी ठरलं ते असं: डायऱ्या ठेवायच्या, नावांची पानं काढायची. वेळ आणि क्रूस असलेली रोजची पानं संग्रहात जातील, खुली, मोहोर नाही. त्यातून कोणाचंही नाव कळत नाही, पण बाईंचा दिवस कसा भरलेला असे ते कळतं. १९८५ च्या फेब्रुवारीत रात्री नऊनंतरचे क्रूस किती आहेत ते बघावं कोणीही.

पानं नणंदेने स्वतः कापली, शिवण न उसवता, सरळ. ती घेऊन एकटी मागच्या अंगणात गेली. पिंप अजून तिथे आहे.

मला अजूनही पंचाहत्तर वर्षांची मोहोर बरी वाटली असती. मात्र माझं एक मी सोडलं नाही: कॅटलॉगमध्ये ते लपवायचं नाही. नोंद अशी केली: "शेवटची पानं, प्रार्थनेसाठी नावांची यादी, कुटुंबाने जुलै २०२५ मध्ये काढून नष्ट केली." नणंदेने ते वाचून मान डोलावली. "आईने असं लिहून ठेवलं नसतं," एवढंच म्हणाली.

२३ ऑगस्ट, शनिवार

स्कॅनिंग संपलं. कॅसेटींपैकी दोन खराब, बाकीच्या निघाल्या. एका कॅसेटवर सासूबाई नातवाला स्वीडिशमधली जेवणाआधीची प्रार्थना शिकवताहेत आणि तो मुद्दाम चुकीचं म्हणून हसतोय; ती प्रत त्याला पाठवली.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरून वाद. दिरांना १९५२ चा पदवीचा फोटो हवा, काळी टोपी, गोंडा, देखणा. मी हिरव्या गीतपुस्तकांच्या काळातला एक सुचवला, ज्यात त्या तळघरात भांडी पुसताहेत आणि फडकं खांद्यावर टाकून कोणाचं तरी ऐकताहेत. बोलणारी व्यक्ती चौकटीबाहेर आहे, फक्त कोपर दिसतं. नवऱ्याने मध्यस्थी केली: भांड्यांचा बाहेर, टोपीचा आत. कोपर कोणाचं ते तळघरातल्या बायकांनी लगेच ओळखलं. मी लिहून घेतलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

संग्रह मंडळाकडे सोपवला. पाच खोकी, आम्लरहित फोल्डर, छापील यादी, हार्ड डिस्कच्या दोन प्रती. लेखी पोच मिळाली. दीडशे पुस्तिका छापल्या, बहुतेक चर्चमध्येच गेल्या.

मंडळाच्या खोलीत मी लेबलं लावत असताना सत्तरीच्या एक बाई आल्या. पुस्तिका उभ्यानेच चाळली, मग यादी मागितली. ती सावकाश, बोट ठेवून वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "माझ्याबद्दल यात काही आहे?"

मी नाव विचारलं नाही. "कोणाबद्दलच काही नाही," म्हटलं.

"त्या डायऱ्यांत?"

डायऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक उचलली, मधलीच कुठली तरी, थोडी पानं उलटली, शेवटी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. मग म्हणाल्या, पुस्तिकेच्या दोन प्रती हव्यात, एक बहिणीला पाठवायची आहे. पैसे घेत नाही म्हटलं तर गोधड्यांच्या डब्यात टाकून गेल्या.

प्रती आता सतरा उरल्या. चर्चच्या ऑफिसला कळवायचं आहे की पुन्हा छापायच्या असतील तर फाइल माझ्याकडे आहे, आणि पान नऊवर ऑगस्टानाचं साल १८६० असं पाहिजे, छापखान्याने १८६९ केलंय.